जात विचाराल, तसे वेतही विचारा

ठाणे, कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात जागेचे भाव असे चढले आहेत की वराहपालकाला शेड वाढवणे परवडत नाही. आहे त्या जागेत प्रत्येक मादीमागे जास्त आणि वजनदार पिल्ले दूध तुटेपर्यंत जगवणे, एवढाच मार्ग उरतो. तरीही मादी विकत घेताना चौकशी होते ती जातीची. तिचे कितवे वेत आहे, हे क्वचितच विचारले जाते.

जातीने फरक पडतोच. देशातल्या मोजक्या सरकारी बेकन फॅक्टऱ्यांपैकी एक बोरिवलीला होती. अशा केंद्रांबरोबर विलायती यॉर्कशायर पसरली. ही मादी वेताला साधारण नऊ ते अकरा पिल्ले देते, गावठी बहुधा पाच-सात. मात्र देशी म्हणजे कमी पिल्ले, असे सरसकट म्हणता येत नाही. बंगालची घुंगरू भरपूर पिल्ले देते. गुवाहाटीजवळच्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने तिचा हॅम्पशायरशी संकर करून ‘राणी’ तयार केली. शिवाय कोकणच्या दमट उकाड्यात यॉर्कशायर धापा टाकते, खाणे कमी करते आणि दूध आटते. म्हणून आपल्याकडे संकरित मादी अधिक भरवशाची.

आता वयाकडे वळू. पहिलारू मादी स्वतःच वाढत असते. तिची पिल्ले कमी, दूधही कमी. तिसऱ्या ते पाचव्या वेतात पिल्लांची संख्या सर्वाधिक असते. सहा-सात वेतांनंतर विणे लांबते, मेलेली पिल्ले वाढतात आणि एकाच वेतात काही पिल्ले धष्टपुष्ट तर काही किरकोळ निघतात.

इथेच वजनाचे गणित बिघडते. जन्मतः एक किलोच्या आतले यॉर्कशायर पिल्लू पहिल्या तीन दिवसांत थंडीने, भुकेने किंवा आईखाली चिरडून दगावण्याचा धोका मोठा असतो. पिल्ले काही दिवसांतच आपापला सड ठरवून घेतात. पुढच्या सडांना दूध जास्त, मागच्यांना कमी. किरकोळ पिल्लू मागे ढकलले जाते आणि दूध तोडताना हलकेच राहते. म्हणून मादी निवडताना किमान बारा चांगले सड मोजून घ्यावेत, आणि विण्याच्या दिवशी दुबळ्या पिल्लांना आधी चीक पाजावा.

पहिल्या वेताला कमी पिल्ले झाली म्हणून मादी विकून टाकणे हा तोट्याचा व्यवहार. तिची खरी कमाई पुढच्या वेतांत असते. पहिल्या वेतात अंगावर पाजताना ती फार खंगली, तर दुसऱ्या वेतालाही फटका बसतो. तेव्हा त्या काळात तिचा खुराक कमी करू नये.

प्रत्येक कप्प्यावर एक पाटी लावावी: वेत क्रमांक, जिवंत जन्मलेली पिल्ले, एकविसाव्या दिवशी सगळ्या पिल्लांचे एकत्रित वजन. या तिसऱ्या आकड्यावरून आईच्या दुधाचा अंदाज येतो. दोन-तीन वेतांच्या नोंदी जमल्या की कोणती मादी ठेवायची आणि कोणत्या म्हाताऱ्या मादीच्या जागी घरची तरुण मादी वाढवायची, हे पावसाळ्याआधीच ठरवता येईल.