नवीन क्लच घसरला की लगेच किटला शिव्या देऊ नका

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. गेल्या काही महिन्यांत एकच तक्रार तीन-चार जणांकडून ऐकली. जुनी स्प्लेंडर, बाजारातलं क्लच किट टाकलं, आणि गाडी पहिल्यापेक्षा बेकार झाली. सगळ्यांचा निकालही एकच, की लोकल माल टाकाऊ. मला हे पटत नाही. लोकलमध्ये खराब माल असतो, कंपनीच्या पाकिटात डुप्लिकेटही असतं, मान्य. पण मी उघडलेल्या पाहिल्या त्या बहुतेक गाड्यांत दोष किटच्या आजूबाजूला निघाला. वायर, ऑइल, जुन्या स्प्रिंगा, खाचा पडलेलं हाउसिंग.

फवारणीचा रिझल्ट आला नाही की आपण आधी औषधाला नावं ठेवतो. पाणी किती जड होतं, नोझल झिजलंय का, हे नंतर सुचतं. तसंच आहे हे.

आणि हा विषय हौसेचा नाही. दूध घालणाऱ्याची सकाळ या गाडीवर असते. ओल्या चढावर, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन असताना क्लचने धरणं सोडलं की गाडी मागं येते, आणि तिथं पाय टेकायलाही जागा नसते.

आधी एक बघा, की दोष क्लचचाच आहे का. "गाडी ओढत नाही" म्हणून क्लच बदललेल्या गाड्यांत मागचा ब्रेक चिकटलेला सापडलाय. मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, मागचं चाक हातानं फिरवा. जड फिरत असेल तर ब्रेक आणि चेन बघा. मग सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला बऱ्यापैकी स्पीड घेऊन एकदम रेस द्या. इंजिन ओरडलं पण गाडी त्या मानानं पळाली नाही, तर क्लच घसरतोय. इंजिनच ओरडत नसेल, दबल्यासारखं होत असेल, तर एअर फिल्टर, कार्बोरेटर, कॉम्प्रेशनकडे जा. क्लच उघडून काही उपयोग नाही.

घसरणं म्हणजे क्लच पुरता धरत नाही. उलटा रोग म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. लिव्हर दाबूनही पहिल्या गिअरला गाडी पुढं सरकते, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. हे दोन वेगळे रोग आहेत आणि वायरचा इलाज दोघांना विरुद्ध दिशेनं लागतो. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. चाल शून्य असेल तर प्लेटा कायम थोड्या उचललेल्या राहतात आणि घसरतात. चाल जास्त असेल तर सुटत नाहीत. आपल्याकडं बऱ्याच जणांना लिव्हर टाइट आवडतं, "कसा कडक क्लच आहे बघ". त्या कडकपणात नवीन किट काही दिवसांत जळतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही चाल बघा. एका बाजूला ती संपत असेल तर वायर आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेनं नेलीय.

आमच्या शिवारातल्या एका दूधवाल्या भावाची हिरो होंडाच्या काळातली स्प्लेंडर याच फेऱ्यात अडकली होती. किट टाकलं, आठवड्यात ओढ्याच्या चढाला घसरायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, प्लेटा बसायला वेळ लागतो. नवीन प्लेटा थोडा वेळ घेतात हे खरं, पण चढाला जळका वास येणं याला बसणं म्हणत नाहीत. मग वायर आणखी ताणली, घसरणं वाढलं. दुसरं किट टाकलं. आता घसरायचीही आणि न्यूट्रलही सापडेना. भाऊ गाडी विकायला निघाला.

वायरला १५ मिलिमीटर चाल दिली. घसरणं कमी झालं, पण न सुटणं वाढलं. इथंच उत्तर मिळालं. एक रोग कमी केला की दुसरा वाढतो, म्हणजे वायरनं हे मिटणार नाही, कव्हर उघडायलाच पाहिजे. उघडल्यावर दिसलं की दोन्ही वेळा फक्त कॉर्क प्लेटाच बदलल्या होत्या. लोखंडी प्लेटा जुन्याच, त्यातली एक उष्णतेनं निळी पडलेली. सपाट काचेवर ठेवली तर डुलत होती. स्प्रिंगा नवीन स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या तर नजरेला कळेल इतक्या आखूड. हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी खाचा पाडलेल्या, म्हणजे लिव्हर दाबलं तरी प्लेटा खाचेत अडकून राहायच्या. आखूड स्प्रिंगेनं घसरायची, वाकड्या प्लेटेनं आणि खाचेनं सुटायची नाही. त्यात नवीन किटचा काय गुन्हा? बारीक खाच कानशीनं घासून चालते, ही खोल होती म्हणून हाउसिंग बदललं. चारी गोष्टी बदलल्यावर गाडी आता तोच चढ चढते.

म्हणून माझं मत, कव्हर एकदा उघडलं की कॉर्क, लोखंडी प्लेटा, स्प्रिंगा आणि पॅकिंग एकाच बनावटीचा पूर्ण सेट टाका. मजुरी आणि ऑइल तेवढंच जातं. एकाच्या प्लेटा आणि दुसऱ्याच्या स्प्रिंगा जमतीलच असं नाही. प्लेटांची एकूण जाडी कमी पडली तर स्प्रिंगेचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. जास्त झाली तर सुटायला जागा उरत नाही. व्हर्निअर लावायला पाच मिनिटं लागतात. आणि कोरड्या प्लेटा बसवू देऊ नका. आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायला सांगा.

आता ऑइल. या गाडीत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये फिरतो. पेट्रोल कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारला ती चांगली, ओल्या क्लचला वाईट. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या. एमबी असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल ओतणारेही आहेत. कुणाची गाडी त्यावर न घसरता चालते, पण ते या क्लचसाठी तपासलेलं नसतं आणि थंडीत सकाळी घट्टपणामुळं प्लेटा लवकर सुटत नाहीत. चुकीचं ऑइल पडलं असेल तर आधी ऑइल बदलून काही दिवस चालवा, मगच प्लेटांवर निर्णय घ्या. आपले कृषी अधिकारी चाचणी प्लॉटमध्ये एका वेळी एकच गोष्ट का बदलतात, ते इथं कामाला येतं.

बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या गिअरला ओढत असेल तर घाबरू नका. प्लेटा नुसत्या चिकटलेल्या असतात. इंजिन बंद ठेवून गिअर टाका, लिव्हर दाबून धरा आणि गाडी पुढं-मागं हलवा. सुटतात.

फिटरकडून जुन्या प्लेटा, स्प्रिंगा मागून घ्या. त्यांचा रंग आणि झीज बघितली की पुढच्या वेळी काय बदलायचं ते तिथंच कळतं. आणि जुन्या प्लेटांचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकलेले असतात, कव्हर उघडलंय तोवर ती जाळी धुऊन घ्यायला सांगा.