विमानाशेजारचा फलक

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. सी-हॉक, आलिझे, २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी-हॅरियर अशी विमाने तिथे जवळून पाहता येतात. मुले पंखाखाली उभी राहून फोटो काढून घेतात आणि कुणीतरी हमखास विचारते, ‘बाबा, एवढे जड विमान उडते कसे?’ बाबा मदतीसाठी शेजारचा फलक शोधू लागतात. तो फलक लिहायचा कुणी, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले. कल्पना चांगली आहे. पण कागदांच्या झेरॉक्स काढून, चार दिवस कोपऱ्यात बसून प्रमाणपत्र मिळवायचे, असे तिचे रूप झाले तर विद्यार्थ्याच्या पदरात काय पडणार? विमान संग्रहालयात मात्र त्याला देण्याजोगे खरे काम आहे. जुन्या इंजिनाचा छेद दाखवणारी प्रतिकृती करणे, छोटा वातबोगदा उभारणे, फलकाचा मजकूर लिहिणे ही कामे विद्यार्थी करू शकतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेण्याची पद्धत रुळलेली आहे.

या कामात शिकायला काय मिळते, ते पाहा. पंखाची वरची बाजू फुगीर असते. वरच्या हवेला लांबचा पल्ला गाठून खालच्या हवेबरोबरच मागच्या कडेला पोहोचायचे असते, म्हणून ती वेगाने धावते, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत आढळते. ते चूक आहे. दोन्ही हवांनी एकाच वेळी पोहोचावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. वातबोगद्यात धूर सोडला तर वरची हवा आधीच पुढे गेलेली दिसते. पंख हवेला खाली वळवतो, त्याच्या वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि विमान उचलले जाते. पुस्तकातले वाक्य उतरवून परीक्षेत गुण मिळतील; पण फलकापुढे उभ्या राहिलेल्या सहावीतल्या मुलीने ‘मग विमान उलटे कसे उडते?’ असे विचारले, की ते वाक्य टिकत नाही.

फलकावरच्या चार ओळींनी केवढा अनर्थ होतो, याचा धडा खुद्द अमेरिकेतच आहे. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले. तरीही स्मिथसोनियन संस्थेने आपले माजी सचिव लँग्ली यांचे विमान ‘माणसाला घेऊन उडू शकणारे पहिले’ अशा दाव्यासह मांडले. ते १९०३ मध्ये पोटोमॅक नदीत कोसळले होते. १९१४ मध्ये बरेच फेरबदल केल्यावरच ते जेमतेम उडाले. संतापलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी १९२८ मध्ये आपले विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवून दिले. संस्थेने १९४२ मध्ये दावा मागे घेतला आणि १९४८ मध्ये विमान मायदेशी परतले.

आपल्याकडेही अशी परीक्षा आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे सांगितले जाते. मराठी मनाला ते सुखावते. परंतु पडताळता येईल असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. तळपद्यांवर फलक लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला त्यांच्या धडपडीचा मान राखायचा आहे आणि खोटेही लिहायचे नाही. अभिमान आणि पुरावा यांतला हा फरक वर्गात पाठ करून येत नाही.

अर्थात विद्यार्थ्यांना फुकटचे मजूर समजून चालणार नाही. त्यांना पुरेसा वेळ, जाणकार मार्गदर्शक आणि थोडेफार मानधन मिळाले पाहिजे. मजकूर तज्ज्ञांकडून तपासून घेतला पाहिजे. शिवाय फलकाच्या तळाशी त्यांचे नाव असावे. नाव आले की जबाबदारी येते. मग वाक्य लिहिण्याआधी तो विद्यार्थी आणखी एकदा ग्रंथालयात जाईल.