दुकान अपटुडेट, पण वही?



आपल्याकडे 'अपटुडेट' म्हटलं की काय आठवतं? कडक इस्त्रीचा शर्ट, चकाचक बूट. पण इंग्रजीत हा शब्द बहुधा आला हिशोबाच्या वहीतून! आजच्या तारखेपर्यंत सगळ्या नोंदी झालेली वही म्हणजे 'अप टू डेट'. ताजी माहिती, नवी फॅशन हे अर्थ त्याला 19व्या शतकाच्या शेवटी चिकटले.

माझं स्पष्ट मत आहे: धंद्यात आपण फॅशनचा अर्थ धरला आणि वहीचा सोडला.

मीही तेच केलं. खारघरमध्ये माझं स्टेशनरीचं दुकान आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मी नवीन लाइट लावले, बोर्ड बदलला. त्याच महिन्यात 22 तारखेपासून वह्या आणि पेन्सिलींवरचा 12 टक्के जीएसटी शून्य झाला. बातमी मला माहीत होती, पण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर बदलायचा राहिला. एक ताई बिल बघून म्हणाल्या, "दादा, वहीवरचा टॅक्स गेला ना?" मी पैसे परत केले, माफी मागितली. पण लक्षात काय आलं? त्यांनी माझे लाइट पाहिलेच नाहीत, बिल पाहिलं.

खारघर झपाट्याने वाढतंय. नोव्हेंबर 2023 मध्ये मेट्रो सुरू झाली, नवीन टॉवर उभे राहतायत. इथे नवीन आलेला माणूस तुम्हाला ओळखत नाही. तो आधी मोबाइलवर दुकान शोधतो. तिथे 'चालू आहे' दिसलं आणि प्रत्यक्षात शटर बंद असेल, तर तो पुन्हा कशाला येईल?

काही जण विचारतात, "सर, मग सजावट करायचीच नाही का?" करा ना! पण आधी वही, मग रंग.

आजपासून एवढं करा:
- रोज शटर ओढण्याआधी 10 मिनिटं बसा. विक्री, खर्च, उधारी लिहा.
- संपलेला माल तेव्हाच नोंदवा.
- दर सोमवारी भाव, कराचे दर आणि गुगल मॅपवरची वेळ तपासा.

आपले जुने व्यापारी याला रोजकीर्द म्हणायचे. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा आपण वर्षातून एकदा करतो, पण ती लिहायची रोज असते.

आज रात्री वही उघडा. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? तुमचा धंदा तेवढाच अपटुडेट आहे.