उलगडलेली लिपी

इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले आणि पुढल्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या दप्तरशोधाचे आपण पुष्कळ गोडवे गातो. महानुभावांची सकळ लिपी उलगडण्याचे राजवाडे व वि. ल. भावे यांचे श्रेय तर मराठीचा विद्यार्थी परीक्षेत हमखास लिहितो. मात्र परक्यांनी वाचू नये म्हणूनच पंथाने ती अक्षरे बदलली होती. साहित्येतिहास ज्याला शोध म्हणतो, त्यालाच संगणक-सुरक्षेचे अभ्यासक ‘हल्ला’ म्हणतील. हा शब्द आपल्याला झोंबतो, आणि झोंबायला हवा.

नंदुरबारजवळच्या टेंभलीत 2010 साली देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. साऱ्यांची माहिती एकाच ठिकाणी साठवण्यातला धोका त्यानंतर वारंवार चर्चिला गेला. त्यावर उतारा म्हणून विकेंद्रित जाळ्यांकडे बोट दाखवले जाते: मालक कोणी एक नाही, प्रती सर्वत्र. महानुभावांच्या पोथ्याही मठामठांत विखुरलेल्या होत्या आणि त्यामुळे त्या टिकल्या. परंतु टिकणे वेगळे, गुप्त राहणे वेगळे. गुप्ततेची भिस्त लिपीवर होती. तिची किल्ली हाती येताच त्या लिपीतली कुठलीही पोथी, कुठल्याही मठातली असो, वाचनीय झाली.

बिटकॉइनच्या व्यवहारांची वही अशीच असंख्य संगणकांवर असते, नावांच्या जागी निव्वळ सांकेतिक पत्ते. तरीही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी 2013 साली, त्या उघड्या वहीवरूनच, कोणते पत्ते एकाच हातातले असावेत हे ताडून दाखवले. डेव्हिड चॉम यांनी 1981 सालीच बजावले होते की मजकूर झाकून भागत नाही. कोण कोणाला लिहितो हेही झाकावे लागते. (जुन्या पत्रांच्या मायन्यांवरून माणसांचे संबंध जुळवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.)

लीळाचरित्र बंदच राहायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. त्यावाचून मराठी गद्याचा इतिहास पांगळा झाला असता. पण जळगाव-धुळ्याच्या मराठी विभागांत पाठचिकित्सेच्या जोडीने हे संशोधनही वाचले जावे. घराघरांतल्या पेट्यांमधली खाजगी पत्रे आज आपणच उत्साहाने इंटरनेटवर चढवतो. विखुरलेली प्रत परत मागवता येत नाही, आणि ज्याने ते पत्र एका माणसासाठी लिहिले होते त्याला आपण विचारलेले नसते.