लॅपटॉप झोपतो, पण उठत नाही. दोष लिनक्सचा की कंपनीचा?

रात्री झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि सकाळी काढला तर अंग गरम, बॅटरी शून्यावर. किंवा झाकण उघडल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. मग पॉवर बटण दाबून धरायचे आणि सेव्ह न केलेल्या कामावर पाणी सोडायचे. उबुंटू, फेडोरा वापरणाऱ्यांची ही जुनी तक्रार. खापर फुटते ते लिनक्सवर. पण दोषाचा मोठा वाटा लॅपटॉप बनवणाऱ्यांचा आहे.

संगणकाच्या झोपेचे नियम 'एसीपीआय' या मानकात आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ मध्ये आणले. त्यातील 'एस३' अवस्थेत प्रोसेसर, स्क्रीन, डिस्क सगळे बंद होते. वीज मिळते ती मुख्यतः रॅमला. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मोबाइलसारखी झोप आली आणि विंडोज १० मध्ये तिचे 'मॉडर्न स्टँडबाय' झाले. ही झोप नव्हे, डुलकी. वाय-फाय, एसएसडी, ग्राफिक्स अशा प्रत्येक भागाने शांत व्हायचे असते. एक जरी जागा राहिला तरी बॅटरी उतरत राहते. विंडोजवालेही यावरून वैतागलेले असतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

नव्या डुलकीला विरोध असण्याचे कारण नाही. पण अनेक कंपन्यांनी फर्मवेअरमधून एस३ काढूनच टाकले. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीत २०१८ मध्ये हेच घडले. ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा बायोस अपडेट आला आणि 'स्लीप स्टेट'खाली विंडोज १० व लिनक्स असे दोन पर्याय दिसू लागले. म्हणजे हे करता येत होते!

आपल्या लॅपटॉपचे काय, हे पाहणे सोपे आहे. 'सिस' फोल्डरमधील 'पॉवर' फोल्डरात 'मेम_स्लीप' नावाची फाइल असते. ती टर्मिनलमध्ये वाचावी. 'एस२आयडल' म्हणजे डुलकी, 'डीप' म्हणजे बहुतेक लॅपटॉपवर एस३. चौकटी कंसातला शब्द ही सध्याची निवड. 'डीप' नसेल तर बायोसमध्ये स्लीपचा पर्याय शोधावा. असेल तर त्याच फाइलमध्ये 'डीप' लिहून चाचणी घ्यावी, पण काम सेव्ह करूनच. काही लॅपटॉप या झोपेतून उठतच नाहीत. रीस्टार्ट केल्यावर निवड पूर्ववत होते, त्यामुळे धोका तेवढ्यापुरताच. दोन-चार दिवस नीट चालले तरच ग्रबच्या सेटिंगमध्ये ती कायम करावी.

काळ्या स्क्रीनचे दुखणे वेगळे. तिथे पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, विशेषतः एनव्हिडियाच्या. 'जर्नलसीटीएल'मध्ये आधीच्या बूटची नोंद उघडून शेवटच्या ओळी वाचल्या, तर गाडी कुठे अडली याचा अनेकदा सुगावा लागतो. लॅपटॉप आपोआप जागा होत असेल तर आधी यूएसबी माउस काढून पाहावा.

लिनक्सही धुतल्या तांदळासारखे नाही. रॅममधले सगळे डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडणारे हायबरनेशन हा खात्रीचा उतारा ठरू शकला असता. पण उबुंटूत ते मुळात बंद असते, चालू करायला पुरेशी स्वॅप जागा लागते आणि सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक वितरणे ते करूच देत नाहीत.