आजेसासूबाईंचे पाच रुपये

लक्ष्मीपूजनाच्या तबकात तुमच्याकडेही एखादा जुना चांदीचा रुपया असेलच. आमच्या औशाच्या घरी असे पाच आहेत, आजेसासूबाईंच्या वेळचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी ते चिंच-मीठ लावून लख्ख घासले. कौतुक होईल असं वाटलं होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आत्याबाईंचा हात फिरला होता गं त्यांच्यावर. धुऊन टाकलास बघ." ते शब्द अजून टोचतात.

हे रुपये निजामाच्या हैदराबाद संस्थानचे, म्हणजे 'हाली सिक्का'. इंग्रजांचा तो 'कलदार'. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, असा हिशेब. वजन 11 ग्रॅमच्या थोडे वर. रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर असेल तर नाणे उस्मान अलीखानाचे (राज्य 1911 ते 1948). 'मीम' असेल तर त्याच्या वडिलांचे, महबूब अलीखानाचे. सन हिजरी असतो. त्यातून शेकडा तीन वजा करा आणि 622 मिळवा. 1337 चा इसवी सन 1919 च्या आसपास येतो.

बेल्जियममध्ये 1886 पासून एकच नाणे फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत वेगवेगळे निघू लागले. हौशी लोक दोन्ही जमवतात. आपल्या हैदराबादच्या नोटांवर मराठी होती. नाण्यांवर मात्र फारसी लिपीच. म्हणून ही दोन अक्षरे ओळखता आली तरी पुष्कळ.

आता जपणुकीचे. नाणे चिंच, लिंबू, रांगोळी, राख कशानेही घासू नये. काळपटपणा हे त्याचे वय आहे; तो गेला की हौशी माणूस किंमत कमी करतो. नाणे कडेने धरावे. प्रत्येकाला कोरड्या कागदाचे वेगळे पाकीट करावे, मऊ प्लॅस्टिकची पिशवी नको. मोडीत देण्याआधी जाणकाराला दाखवावे, कारण मोडीत फक्त चांदीचे मोल होते. आणि घर पाडताना जमिनीत नाणी सापडली तर ती गुपचूप ठेवू नयेत. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

शेवटचे, पण महत्त्वाचे. पाकिटावर नाणे कोणाचे, कसे आले, ते लिहा. आमची पाच पाकिटं सासूबाईंनी सांगितली, मी लिहिली. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता घासलेलं दिसत नाही बघ."