व्याख्याने मांडव्यापर्यंत यावीत

कृष्णविवरांची टक्कर, न्यूट्रॉन ताऱ्यांची अंतर्रचना, विश्वकिरण यांसारख्या विषयांवरील आगामी व्याख्यानांच्या सूचना कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडून वरचेवर प्रसृत होतात. मांडव्याच्या धक्क्यावरून स्वच्छ हवेत दक्षिण मुंबईच्या इमारतींची रेघ दिसते. तिच्याच दक्षिण टोकाकडे ही संस्था वसली आहे. मध्ये अंतर तासाभराच्या जलप्रवासाचे. परंतु आवास, सासवणे, किहीम येथील शाळकरी मुलांना त्या सूचनांचा पत्ताही नसतो. आणि असला, तरी संध्याकाळच्या व्याख्यानाला जाणाऱ्यास शेवटची बोट चुकण्याची धास्ती असतेच.

वास्तविक भौतिकशास्त्र या किनाऱ्याला परके नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत असे. २ सप्टेंबर १८५९ रोजी सौरवादळाने ते क्षेत्र हादरले, तेव्हा तेथे सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. त्या वादळाची तीव्रता ठरविताना आजचे संशोधकही याच आकड्याचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मापने बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. म्हणजे मुंबईच्या गजबजाटाला कंटाळून विज्ञान एकदा हे पाणी ओलांडून आले आहे! (हा जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा याच नावाने ओळखला जाई.) असे असता मांडव्याच्या मुलाला सौरवादळ हा परदेशी पुस्तकातला विषय वाटावा, ही खेदाची गोष्ट होय.

संशोधकांची आपसांतील चर्चा तज्ज्ञांसाठीच असते, ती इंग्रजीतच चालणार. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. संस्थेने २००९ मध्ये ‘चाय अँड व्हाय’ हा उपक्रम सुरू करून शास्त्रज्ञांना नाट्यगृहात आणि महाविद्यालयात सामान्य श्रोत्यांसमोर आणले, हेही श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु संस्थेचा खर्च मुख्यतः केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडून, म्हणजे जनतेच्या पैशातून चालतो आणि ती जनता गेट वेपाशी संपत नाही. याच संस्थेच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीवर विज्ञानदिनी खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांची रीघ लागते. जे जुन्नर तालुक्यात साधते ते अलिबाग तालुक्यात का साधू नये?

मराठीत हे विषय सांगता येत नाहीत, ही सबब तर आता कोणी पुढे करू नये. जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. विश्वरचनाशास्त्र शाळकरी मुलांपुढे मराठीत मांडण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिला उद्या केवळ शास्त्रज्ञ नव्हे, कुशल तंत्रज्ञही लागतील. ते मराठी शाळांतून यावेत अशी इच्छा असेल, तर ऐकण्याची संधी आजच मिळाली पाहिजे.

यासाठी फार मोठा खर्च नाही. एखाद्या शाळेचे सभागृह पुरे. भाऊच्या धक्क्यापासून २०२० मध्ये रो-रो सेवा सुरू झाल्याने लहान दुर्बीण मोटारीत ठेवून आणता येते. पावसाळ्यात गेट वेच्या बोटी बंद असतात, तेव्हा आकाशही झाकलेलेच असते. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा आणि व्याख्यान संपल्यावर मुलांना पटांगणात नेऊन गुरूचे चंद्र दाखवावेत.